पडकी भिंत आणि गहाण शेत

(शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ५ वा, ओंव्या १ ते १९)



नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले चार अध्याय आपल्यापैकीं पुष्कळांस चांगले ठाऊक आहेत. यरुशलेमेचा तट पडला होता, वेशी अग्नीनें जळाल्या होत्या, आणि पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या हा राजाची परवानगी घेऊन आपल्या पूर्वजांच्या नगरास आला. रात्रीच्या वेळीं त्यानें पडक्या भिंतीची पाहणी केली, लोकांस एकत्र केलें, आणि ज्यानें त्यानें आपापला भाग हातीं घेऊन काम सुरू केलें. शत्रूंनीं थट्टा केली, धमक्या दिल्या. तरी एका हातानें काम व दुसऱ्या हातांत हत्यार असें करून लोकांनीं भिंत अर्ध्या उंचीपर्यंत आणिली. हे अध्याय घेऊन आपण उपदेशक लोक ऐक्य व उद्योग ह्यांवर पुष्कळ वेळां बोलतों, आणि तें योग्यच आहे. परंतु पांचव्या अध्यायाकडे आपण सहसा वळत नाहीं. आज मीं तोच अध्याय घेतला आहे.

भिंतीचें काम रंगांत आलें असतां लोकांमध्यें मोठी ओरड उठली. ती ओरड परक्यांविरुद्ध नव्हती. आपल्याच भाऊबंदांविरुद्ध होती, आणि ती करणारांत स्त्रियाहि होत्या. कांहींचें म्हणणें असें कीं, आमचें खटलें मोठें, आम्हांस जगण्यापुरतें धान्य पाहिजे. कांहींनीं दुष्काळांत धान्य मिळावें म्हणून शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकिलीं होतीं. आणखी कांहींनीं राजाचा सारा भरण्यासाठीं कर्ज काढिलें होतें, आणि आतां पोटचीं मुलें दास्यांत देण्याची पाळी त्यांवर आली होती. दिवसा भिंतीवर दगड वाहणारा मनुष्य रात्रीं घरीं येई, तेव्हां तें घर त्याचें राहिलेलें नसे.

म्हणजे राष्ट्रावर संकट आलें कीं तें दोन ठिकाणीं मोडतोड करतें. पडकी भिंत सर्वांच्या डोळ्यांस दिसते. गहाणखत सावकाराच्या पेटींत असतें, तें कोणासहि दिसत नाहीं. भिंत उभारण्यास माणसें लौकर मिळतात, कारण त्या कामांत नांव आहे. पेटींतला कागद बाहेर काढण्यास मात्र फार थोडे पुढें येतात. ज्या राष्ट्रानें भिंत उभारिली, परंतु भिंतीच्या आंतल्या माणसाची हांक ऐकिली नाहीं, तें राष्ट्र सांवरलें असें पवित्र शास्त्र म्हणत नाहीं. हीच एक गोष्ट आज मला सांगावयाची आहे.

आपल्या परभणी जिल्ह्याकडे पाहा. गोदावरी, दुधना व पूर्णा ह्या नद्या येथून वाहतात. जमीन काळी, कापूस व ज्वारी पिकविणारी. तरी येथील म्हातारीं माणसें सालें मोजतात तीं दुष्काळांवरून. सन १९७२ चा दुष्काळ झाला. सन २०१२ व २०१५ सालीं पावसानें पाठ फिरविली. आणि सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत मराठवाड्यांत अतिवृष्टी होऊन उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं व कित्येक ठिकाणीं शेतांतील मातीहि वाहून गेली. कोरडा दुष्काळ व ओला दुष्काळ हीं दोन्ही नांवें आपल्या बोलण्यांत आहेत, कारण दोन्ही आपण भोगिलीं आहेत. म्हणून नहेम्याचा पांचवा अध्याय आपणांस परका वाटूं नये.

आतां मी एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना मला लाज वाटते, परंतु लपविणें बरें नव्हे. सन २०१६ च्या फेब्रुवारी महिन्यांत गंगाखेडकडील एका लहान मंडळीच्या प्रार्थनामंदिराच्या आवाराची भिंत पडली होती, आणि ती बांधण्यासाठीं वर्गणी जमविण्याचें काम मजकडे होतें. वही घेऊन मी घरोघर हिंडत असतां एका भावाच्या दारीं गेलों. त्याची तीन एकर कोरडवाहू जमीन. लागोपाठ दोन वर्षें पाऊस फसला होता, पेरलेलें बी वायां गेलें होतें. मुलगा व सून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस गेलीं होतीं. घरीं तो व त्याची म्हातारी आई दोघेंच होतीं. त्यानें दहा रुपये दिले. मीं वहींत त्याचें नांव लिहिलें, प्रार्थना केली, आणि पुढच्या घरीं गेलों. त्यास कांहीं सांगावयाचें आहे हें त्याच्या तोंडावर दिसत होतें. परंतु मला भिंतीची घाई होती.

पुढें तीन रविवार तो उपासनेस आला नाहीं. चौथ्या रविवारीं त्याच्या आईनें मला दाराशीं गांठलें. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही भिंतीचं विचारलं, माझ्या लेकाचं नाही विचारलं. त्याचं रान गहाण आहे. ज्याच्याकडं गहाण आहे, तो इथंच पहिल्या ओळीला बसतो. त्याच्यासमोर माझ्या लेकानं कसं येऊन बसावं?" व्याज दरमहा शेंकडा तीन रुपये होतें. आणखी तिनें असें सांगितलें कीं, रात्रीं तो झोंपत नाहीं, उठून अंधारांत शेताकडे जातो, आणि ती बॅटरी घेऊन त्याच्या मागें जाते. कारण त्याच्या मनांत काय आहे ह्याची तिला भीति वाटते.

बंधूंनो, त्या दिवशीं मला पांचवा अध्याय समजला. त्यांतून मीं शिकलेल्या तीन गोष्टी तुमच्यापुढें ठेवितों.

पहिली गोष्ट ही कीं, हांक ऐकिली पाहिजे. ओरड ऐकून नहेम्याला राग आला; परंतु रागाच्या भरांत तो बोलला नाहीं, त्यानें आपल्या मनाशीं विचार केला. शत्रु दाराशीं आहेत, भिंत पुरी होऊं द्या, मग कर्जाचें पाहूं, असें त्यानें म्हटलें असतें तर तें शहाणपणाचें दिसलें असतें. त्यानें तसें म्हटलें नाहीं. त्यानें मोठी सभा भरविली आणि धनको व ऋणको ह्यांस समोरासमोर आणिलें.

संकट आलें म्हणजे आपल्या तोंडीं दुसरेंच बोलणें येतें. हें कोणाच्या पापामुळें झालें, असें आपण विचारतों. त्यानें लग्नांत खर्च फार केला, त्यानें बी चांगलें घेतलें नाहीं, असे हिशेब आपण करतों. शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, त्यांविषयीं प्रभु येशूनें काय सांगितलें तें लूकाच्या तेराव्या अध्यायांत वाचा. तीं माणसें इतरांपेक्षां अधिक दोषी होतीं असें समजूं नका, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. आणि पश्चात्तापाचें पाचारण त्यानें मेलेल्यांस नव्हे तर उभें राहून पाहणारांस केलें.

व्यक्तीप्रमाणें राष्ट्रहि हांक ऐकण्यास हळूहळू शिकतें. सन १८७६ ते १८७८ ह्या काळीं दक्षिण हिंदुस्थानांत व दख्खनेंत महादुष्काळ पडला. आपला जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. परंतु दुष्काळ राज्याची सीमा पाहून थांबत नाहीं. इंग्रज सरकारनें कामें काढिलीं खरीं. तथापि सन १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं मजुरी इतकी खालीं आणिली कीं, दिवसभर राबणाऱ्या गड्यास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा एवढेंच पडे. मुंबई इलाख्यांत पुष्कळ मजुरांनीं कामें सोडिलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची दाद सरकारापुढें नेली. लाखों माणसें मेल्यावर सन १८८० सालीं दुष्काळ कमिशनचा अहवाल आला, व त्यानंतर दुष्काळाविषयींचे नियम तयार झाले. कोठें टंचाई आहे हें अगोदर पाहावें, वेळेवर काम काढावें, अशक्तांस धान्य द्यावें, इतकी साधी गोष्ट कागदावर येण्यास लाखों जीव खर्ची पडले. हांक उशिरां ऐकिली म्हणजे तिची किंमत अशी वाढते.

दुसरी गोष्ट ही कीं, हाताला काम द्यावें, आणि तें मानानें द्यावें. नहेम्याचा तिसरा अध्याय नुसत्या नांवांची यादी आहे म्हणून आपण तो सोडून देतों. परंतु त्या यादींत कोण आहेत तें पाहा. त्यांत याजक आहेत, सोनार आहेत, गंधी आहेत, आणि एका अधिकाऱ्याच्या मुलीहि आहेत. कित्येकांनीं आपल्या घरासमोरचाच भाग बांधिला. त्या कामांत कोणी भिकारी नव्हता. प्रत्येकाच्या हातून झालेला भाग त्याच्या नांवावर लिहिला गेला.

सन १९७२ चा दुष्काळ आठवा. त्याच्या मागचीं दोन वर्षेंहि महाराष्ट्रांत पुष्कळ भागांस वाईट गेलीं होतीं. तिसऱ्या वर्षीं विहिरी आटल्या, गुरें बाजारांत कवडीमोलानें गेलीं. परदेशांतून आलेला तांबडा मिलो खाऊन लोकांनीं दिवस काढिले. मुलांस सुकडी मिळे. परंतु एक गोष्ट सन १८७७ पेक्षां वेगळी झाली. सरकारनें जागोजाग रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती अशीं कामें काढिलीं, आणि सन १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांतील अशा कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. जगाच्या इतिहासांत इतक्या लोकांस एका वेळीं काम देऊन दुष्काळ निभावल्याचीं उदाहरणें फार थोडीं आहेत.

ज्या म्हातारीविषयीं मीं सांगितलें, ती त्या वर्षीं कोवळी मुलगी होती, आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडीत असे. पुढें एकदां ती मला म्हणाली, "हात सोलून निघायचे. पण हजेरी लागायची, दाम मिळायचं. कुणापुढं पदर पसरला नाही." बंधूंनो, ह्या एका वाक्यांत मोठें अर्थशास्त्र आहे. भाकरी दिल्यानें पोट भरतें. काम दिल्यानें मान ताठ राहते. ज्याची मान मोडली, तो पाऊस पडल्यावरहि लौकर उभा राहत नाहीं.

विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे ह्यांनीं ही गोष्ट अगोदरच ओळखिली होती. जो खेडुत काम मागेल त्यास काम मिळालेंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना निघाली. तिचा खर्च भागविण्यासाठीं सन १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला. म्हणजे शहरांतील पगारदाराच्या पगारांतून खेड्यांतील मजुराच्या मजुरीस वांटा गेला. सन १९७७ सालीं तिचा कायदा मंजूर होऊन तो ता. २६ जानेवारी १९७९ रोजीं अमलांत आला, आणि सन २००५ सालीं देशाच्या संसदेनें त्याच धर्तीवर सर्व देशासाठीं कायदा केला. दुष्काळांतली तात्पुरती दया अशा रीतीनें हक्क झाली. हजेरीपटांवर खोटीं नांवें चढलीं, मजुरी उशिरां मिळाली, फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक रस्त्यांच्या कडेला तसेच पडून राहिले, हे दोषहि घडले; ते झांकून ठेवण्यांत देवाचें गौरव नाहीं. तथापि मागणाऱ्यास भिकारी न म्हणतां कामकरी म्हणणें, हा त्या हमीचा गाभा आहे, आणि तो शास्त्राला धरून आहे.

काम देणें म्हणजे पुढच्या वर्षाची तयारी करणेंहि आहे. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा सांठविला, तो दुष्काळ दाराशीं येण्यापूर्वी. आपल्या परभणीस ता. १८ मे १९७२ रोजीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें, तें त्या दुष्काळाच्याच सालीं; कमी पाण्यावर कोणतें बी तग धरील ह्याचा तेथें शोध चालतो, आणि परभणी मोती ही रबी ज्वारी तेथूनच आली. पैठण येथें जायकवाडीच्या धरणाची कोनशिला सन १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री ह्यांच्या हस्तें बसली व सन १९७६ सालीं इंदिरा गांधी ह्यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्याचा २०८ किलोमीटरांचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. परंतु हें पाणी पाटांत पाहतांना दुसरी एक हांक विसरूं नका. त्या धरणाखालीं कित्येक गांवें व शेतें गेलीं. आपलें शेत भिजतें तें कोणाचें तरी शेत बुडालें म्हणून.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. ती ही कीं, कागद परत द्यावा.

संकटाच्या पहिल्या आठवड्यांत मनुष्याचें हृदय मऊ असतें. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भागांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें झोंपलेल्या माणसांवर कोसळून सुमारें १० हजार माणसें मेलीं. सगळ्या देशांतून धान्य, कपडे व माणसें धांवून आलीं, आणि पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर तहानलें, तेव्हां मिरजेहून कृष्णेचें पाणी आगगाडीनें आणिलें; पहिल्या फेरीस दहा वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी आलें. हीं कामें उत्तम झालीं. परंतु पाणी देणें सोपें आहे, कारण पाणी दिल्यानें कोणाचें गहाणखत रद्द होत नाहीं.

पैशाचें संकट हळू येतें. अमेरिकेंत सन १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्या इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांस कर्ज सहज मिळूं लागलें. युद्ध संपलें, भाव उतरला, कर्ज मात्र व्याजासह उभें राहिलें. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर चालून गेले. तेथें व नंतर आसपासच्या गांवीं त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. मिळाले तितके कागद त्यांनीं आगींत टाकिले. त्यानंतर सन १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या रक्षणासाठीं कायदा केला.

सुपें येथें ऋणकोनें कागद जाळिले. यरुशलेमेंत धनकोनें कागद परत दिले. दोन्ही ठिकाणीं संकट एकच होतें. परंतु एका ठिकाणीं शेजारी शेजाऱ्याचा शत्रु झाला, दुसऱ्या ठिकाणीं शेजारी पुन्हां भाऊ झाला. फरक कशानें पडला? नहेम्यानें दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी स्वतःकडे पाहिलें. मी व माझे भाऊ देखील पैसा व धान्य कर्जाऊ देत आहों, असें त्यानें सभेंत कबूल केलें. मग तो म्हणाला कीं, शेतें, मळे, घरें आणि जो शेंकडा एक आपण घेत आलों तो, आजच्या आज परत करूं. आणि धनकोंनीं तें मान्य केलें. आणखी, बारा वर्षें तो अधिकारी होता, परंतु अधिकाऱ्याचा म्हणून जो भत्ता होता तो त्यानें घेतला नाहीं, कारण लोकांवरचें ओझें अगोदरच जड होतें. वर बसलेल्यानें आपलें ताट कमी केलें, म्हणून खालच्यांनीं आपली मूठ उघडिली.

आपल्या काळीं सरकारनेंहि कर्जें माफ केलीं आहेत. सन २००८ सालीं देशांत, व सन २०१७ आणि २०१९ सालीं महाराष्ट्रांत तशा योजना निघाल्या. परंतु बँकेचें कर्ज माफ झालें तरी शेजाऱ्याच्या पेटींतला कागद तसाच राहतो. त्यासाठीं सन २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे, आणि अशा सावकारीनें बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करतां येतो. प्रचारकांनीं व शाळामास्तरांनीं ही गोष्ट आपल्या लोकांस समजावून सांगावी. अर्ज लिहून देणें हीहि देवाची सेवा आहे. तथापि भावाभावांमध्यें कायदा हा शेवटचा उपाय असावा. पहिला उपाय पांचव्या अध्यायांत आहे.

त्या म्हातारीनें मला सांगितलें, त्या दुपारीं मी वही घरीं ठेवून तिच्या लेकाकडे गेलों. मीं उपदेश केला नाहीं. चूक माझी झाली, मीं विचारलें नाहीं, एवढेंच म्हणालों आणि त्याच्याजवळ बसलों. तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं, मग पुष्कळ बोलला. त्या रात्रीं मंडळींतला एक तरुण त्याच्या घरीं मुक्कामास राहिला, आणि पुढें महिनाभर कोणी ना कोणी राहत गेला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास तालुक्याच्या दवाखान्यांतहि नेलें. पुढच्या रविवारीं मीं नहेम्याचा पांचवा अध्याय मोठ्यानें वाचिला, आणि त्यावर कांहीं बोललों नाहीं. पहिल्या ओळींतला भाऊ खालीं मान घालून बसला होता.

तो वाईट मनुष्य नव्हता, हें मला सांगितलें पाहिजे. त्याच्यावरहि मुलीच्या लग्नाचें ओझें होतें, आणि पैसा मातींत घालण्यापेक्षां व्याजीं लावावा असें त्यास वाटलें होतें. तीन आठवड्यांनीं तो रात्रीं माझ्या घरीं आला व कागद माझ्यापुढें ठेवून म्हणाला, "ह्यांतलें व्याज मी सोडलें. मुद्दल त्यानें जमेल तसें द्यावें. शेत त्याचें त्यानें पेरावें." मी त्यास म्हणालों, "भाऊ, हें मला देऊं नका, त्यास द्या." त्यास तें फार जड गेलें. परंतु तो गेला. मी बरोबर गेलों, पण दाराबाहेर उभा राहिलों. आंत काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं, आणि मीं विचारलेंहि नाहीं.

आतां थोडक्यांत आपल्या मंडळ्यांनीं काय करावें तें सांगतों. वर्गणीची वही उघडण्यापूर्वी घरचें वर्तमान विचारा. आपल्या भावाकडून व्याज घेऊं नका. घेत असाल तर आजच थांबा. प्रत्येक घरीं स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूला ठेवण्याची आपल्या मंडळ्यांची जुनी रीत आहे. ती पुन्हां सुरू करा, आणि तें धान्य टंचाईच्या दिवसांसाठीं सांठवा, ज्यास लागेल त्यास जात व धर्म न विचारतां द्या. अंत्युखियाच्या मंडळीनें दुष्काळाचें भाकीत ऐकतांच आपापल्या ऐपतीप्रमाणें यहूदियांतील बांधवांसाठीं मदत काढिली, व ती बर्णबा व शौल ह्यांच्या हातीं पाठविली. दुष्काळाची वाट पाहत ती बसली नाहीं. धान्याचा व पैशाचा हिशेब सर्वांसमोर वाचा. आणि ज्या घरांतला माणूस रात्रीं झोंपत नाहीं, त्या घरीं एकट्यास ठेवूं नका. जाऊन बसा, बोलणें सुचलें नाहीं तरी बसा, आणि त्यास डॉक्टराकडे घेऊन जा.

ज्या भावावर आज असा प्रसंग आहे, व जो हें वाचीत आहे, त्यास मी म्हणतों : तुझें शेत गहाण पडलें असेल, परंतु तूं गहाण पडलेला नाहींस. तुझी किंमत दुसऱ्या कोणीं अगोदरच भरिली आहे. तूं लाजून घरांत बसूं नको. तुझी हांक ऐकण्यास मंडळी बांधलेली आहे, आणि तिनें ऐकिली नाहीं तर दोष तिचा आहे, तुझा नव्हे.

शेवटीं एक गोष्ट. कर्जाचा निवाडा करण्यासाठीं नहेम्यानें सभा भरविली म्हणून भिंतीचें काम राहिलें काय? सहाव्या अध्यायांत लिहिलें आहे कीं, भिंत बावन्न दिवसांत पुरी झाली. ज्यांचीं शेतें परत मिळालीं होतीं, त्या हातांनीं ती पुरी केली. आमच्या त्या लहान मंडळीच्या आवाराची भिंत मात्र दोन वर्षें तशीच पडून राहिली. सन २०१८ सालीं ती बांधिली, तेव्हां तो भाऊ गारा कालवीत होता, आणि पहिल्या ओळींतला भाऊ त्याच्या हातीं दगड देत होता. म्हातारी सावलींत बसून दोघांकडे पाहत होती.

हे आकाशांतील पित्या, आमच्या ह्या जिल्ह्यावर वेळेवर पाऊस पाड, आणि तो बेतानें पाड. आमच्या राज्यकर्त्यांस हांक ऐकणारे कान दे. आम्हांपैकीं ज्याच्या पेटींत भावाचा कागद आहे, त्याची मूठ उघड. ज्याचा कागद दुसऱ्याच्या पेटींत आहे, त्याची आशा राख. आणि आम्हीं भिंत बांधीत असतां कोणी हांक मारिली, तर आम्हांस थांबण्याची बुद्धि दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नामानें मागतों. आमेन.